खंडाळा द्या, महाबळेश्वर घ्या

जागेचे भाव जरा थंडावले की आमच्या ऑफिसात प्रत्येकजण रिअल इस्टेटमधला तज्ज्ञ होतो. "आत्ता घेणाऱ्याचा बाजार आहे रे. बिल्डर नडलाय. तो सांगेल त्याच्या वीस टक्के खाली बोल आणि गप्प बसून राहा." हा सल्ला मला आत्तापर्यंत किमान पाच जणांनी दिलाय. त्यातल्या चौघांनी स्वतः अजून काहीही घेतलेलं नाही :)

सल्ला अगदीच टाकाऊ नाही. पण घेणाऱ्याचा बाजार म्हणजे नक्की काय? फक्त रिकामे फ्लॅट जास्त आणि गिऱ्हाईकं कमी, एवढंच? आणि अशा बाजारात 'जिंकणं' म्हणजे काय? स्वस्तात मिळणं की मिळालेलं टिकणं? मी वाईचा, त्यामुळे ह्या प्रश्नांचा विचार करताना मला आमच्याच भागातला एक जुना सौदा आठवतो. ह्या सौद्यात एका खरेदीदारानं एक गाव दिलं आणि महाबळेश्वर घेतलं. तारीख १६ मे १८२९.

आता खंडाळा म्हटल्यावर लोणावळ्याजवळचं डोळ्यापुढे आणू नका. हे आमचं खंडाळा. पुण्याहून साताऱ्याला जाताना शिरवळला नीरा ओलांडली की खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागतं ते. आज तो स्वतंत्र तालुका आहे, पण त्या काळच्या कागदात 'वाई प्रांतातलं खंडाळा' असाच उल्लेख होतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे सौदा किती वेगळा होता ते कळेल. पेशवाईत जमिनीची खरेदी-विक्री होत नव्हती असं नाही. मिराशीची जमीन विकता यायची, पाटीलकीचं वतनसुद्धा अर्धं किंवा पूर्ण विकलं जायचं. पण अख्खं गाव हातात यायचं ते बहुतेक इनाम म्हणून. वाईच्या शेजारचं मेणवली घ्या. हे गाव औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १७६८ साली नाना फडणविसांना दिलं आणि मग नानांनी तिथे वाडा आणि कृष्णेवरचा घाट बांधला (स्वदेस सिनेमात दिसतो तो हाच घाट). म्हणजे मोठी जागा मिळायची ती मर्जीनं, नात्यानं, चाकरीच्या बदल्यात. तिथे घासाघीस नव्हती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि चित्र पालटलं. आष्टीच्या लढाईनंतर छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि २५ सप्टेंबर १८१९ ला त्यांच्याशी तह केला. साधारण नीरेपासून वारणेपर्यंतचा मुलूख राजांना मिळाला. पण अटी बघा. फौज वाढवायची तर कंपनीची परवानगी हवी. इतर कुठल्याही राजाशी, सरदाराशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही. वर साताऱ्यात कंपनीचा रेसिडेंट कायम बसलेला.

ह्या अटी जमीन व्यवहाराच्या नजरेनं वाचल्या की काय दिसतं? विकणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक शोधायची मुभाच नाही. समजा उद्या महाबळेश्वरचा डोंगर कुणाला द्यायचा झाला, तर घेणारा एकच. मागणीही त्याचीच आणि भावही तोच सांगणार.

मला वाटतं घेणाऱ्याच्या बाजाराची खरी व्याख्या हीच आहे. बाजारात किती प्लॉट विक्रीला आहेत ह्यापेक्षा, समोरच्या माणसापुढे 'नाही' म्हणायचा रस्ता शिल्लक आहे का, हे महत्त्वाचं. गावात पन्नास प्लॉट विक्रीला असले तरी ज्याच्या मालकाला पैशाची घाई नाही, तो एक रुपयासुद्धा कमी करत नाही. उलट एकच प्लॉट असेल, पण मालकाच्या घरी आजारपण असेल किंवा बँकेची नोटीस आली असेल, तर तिथे घेणाऱ्याचाच बाजार. आपल्याकडे म्हणतात ना, गरजवंताला अक्कल नसते. माझ्या मते अक्कल असते, पर्याय नसतो.

आता खरेदीदाराकडे वळू. १८२४ साली साताऱ्यात असलेला लॉडविक नावाचा अधिकारी महाबळेश्वरच्या डोंगरावर चढून गेला. तिथे जाणारा पहिला युरोपियन म्हणून त्याचं नाव सांगतात (आपले लोक शेकडो वर्षं कृष्णेच्या उगमाला जातच होते, तो भाग वेगळा). त्याच्यामागून रेसिडेंट जनरल ब्रिग्ज गेला. १८२६ मध्ये त्यानं तिथे स्वतःसाठी एक घर बांधलं आणि आणखी एक गोष्ट केली. राजांचं मन वळवून साताऱ्याहून महाबळेश्वरपर्यंत चांगला रस्ता करवून घेतला. कुणी केला रस्ता? राजांनी. म्हणजे विकणाऱ्यानं विक्रीच्या आधीच प्लॉटपर्यंत डांबरी सडक करून दिली, असं आजच्या भाषेत म्हणता येईल. फक्त प्लॉट विकायचाय हे त्या वेळी त्याला माहीत नव्हतं!

मग आला सर जॉन मालकम. १८२७ च्या नोव्हेंबरात तो मुंबईचा गव्हर्नर झाला. ह्या माणसाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तहाच्या टेबलावर बसायचा त्याला दांडगा सराव होता. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला शरण यायला लावणारा हाच. तेव्हा त्यानं बाजीरावाला वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन कबूल केली. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली. मालकमचा हिशोब वेगळा होता. लढाई आणखी लांबली तर त्याहून जास्त खर्च होईल, त्यापेक्षा हे स्वस्त. तर्क बरोबर होता, पण एक आकडा चुकला. बाजीराव त्यानंतर बत्तीस वर्षांहून जास्त जगले, १८५१ च्या जानेवारीपर्यंत. आठ लाखांना बत्तीसनं गुणा, अडीच कोटींच्या वर जातं. आमच्या धंद्यात ह्याला एस्टिमेशन चुकणं म्हणतात. दर बरोबर लावला, मुदत चुकली :)

महाबळेश्वरच्या बाबतीत मात्र मालकमनं काहीच अंदाजावर सोडलं नाही. १८२८ च्या उन्हाळ्यात त्यानं आजारी युरोपियन सैनिकांसाठी तिथे प्रयोग म्हणून एक आरोग्यधाम चालवून पाहिलं. हवा मानवते का, माणसं बरी होतात का, रसद पोचते का, हे आधी तपासलं. त्याच वर्षाच्या शेवटी तो स्वतः पुन्हा वर गेला. आणि मग पुढच्या मे महिन्यात तह झाला. राजांनी महाबळेश्वरचा डोंगर कंपनीला दिला आणि बदल्यात कंपनीनं वाई प्रांतातलं खंडाळा राजांना दिलं. नव्या वस्तीला नाव पडलं मालकम पेठ.

इथे एक गोष्ट माझ्या डोक्यात बरीच वर्षं अडकून होती. कंपनीला किंमत द्यायची गरजच काय होती? गादीवर त्यांनी बसवलेला राजा, दारात त्यांचा रेसिडेंट. नुसती 'विनंती' केली असती तरी डोंगर मिळाला असता. मग गाव देऊन तह कशाला?

माझं उत्तर असं, की मालकमला डोंगर नको होता, कागद हवा होता. जे नुसतं मागून मिळतं ते उद्या परत मागता येतं. मेहेरबानीवर घर बांधलं तर मेहेरबानी संपली की घर गेलं. पण 'हे घ्या, ते द्या' असं दोन्ही बाजूंनी लिहून झालं, मोबदला पोचला, की हक्क पक्का. वकील लोक मोबदल्याशिवायच्या कराराकडे संशयानं का बघतात ते इथे कळतं. समोरचा पूर्ण नडलेला असतानाही काहीतरी खरी किंमत देणं हा नुसता चांगुलपणा नाही, तो स्वतःच्या हक्काचा विमा आहे.

ही पद्धत एकट्या महाबळेश्वरची नाही. पुढच्याच वर्षी, १८३० मध्ये, सिमल्याची जागा अशाच अदलाबदलीनं आली. केओंथळचा राणा आणि पटियाळ्याचे महाराज ह्यांनी सिमल्याभोवतीची गावं दिली आणि त्यांना दुसरीकडचा मुलूख मिळाला. दार्जिलिंग मात्र १८३५ मध्ये सिक्कीमच्या राजानं 'मैत्रीखातर' दिल्याचा कागद झाला, म्हणजे मोबदल्याशिवाय. लगेच कटकटी सुरू झाल्या. शेवटी १८४१ पासून राजाला वर्षाला तीन हजार रुपये द्यायचं ठरलं, पुढे ते सहा हजार झाले. आणि १८५० मध्ये भांडण झाल्यावर कंपनीनं पैसेही बंद केले, शिवाय आणखी मुलूख घेतला.

आता कुणी म्हणेल, राजे-महाराजे अगतिक होते, बलाढ्य विकणाऱ्याचं काय? तर त्याचंही उदाहरण आहे. १८०३ साली नेपोलियननं लुइझियाना अमेरिकेला विकलं. नेपोलियन काही दुबळा नव्हता. पण हैतीमध्ये त्याची फौज तापानं आणि बंडानं खलास झाली होती, इंग्लंडशी पुन्हा युद्ध पेटणार होतं, समुद्र इंग्रजांच्या ताब्यात होता. एवढा मोठा मुलूख राखता येणार नाही हे त्याला दिसत होतं. अमेरिकेचे वकील आले होते न्यू ऑर्लिन्स शहर आणि आसपासचा भाग विकत घ्यायला. नेपोलियनच्या माणसांनी विचारलं, सगळंच घेता का? दीड कोटी डॉलरमध्ये अमेरिकेचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. म्हणजे विकणारा किती मोठा ह्याला महत्त्व नाही. त्या दिवशी, त्या जागेपुरतं, तो किती अडलाय ह्याला आहे.

बरं, परत साताऱ्याला. ह्या सौद्याचं पुढे काय झालं?

डोंगर इंग्रजांकडे राहिला. मुंबईचे गव्हर्नर दर उन्हाळ्यात वर जायला लागले, बंगले उठले, बाजार वसला. पुढे १८५० च्या दशकात जॉन चेसननं खाली पाचगणी वसवायला घेतली. दांडेघर, गोडवली, आंब्राळ, खिंगर आणि तायघाट ह्या पाच गावांच्या मधली ही जागा. पण तोवर कुठल्या राजाशी तह करायची गरजच उरली नव्हती. कारण १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं होतं, १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांच्या जागी बसवलेले त्यांचे भाऊ शहाजी (आप्पासाहेब) ५ एप्रिल १८४८ ला गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीनं अख्खं राज्य खालसा केलं.

म्हणजे खंडाळाही कंपनीकडे परत आलं! मे १८२९ मध्ये दिलेली किंमत वीस वर्षांत खरेदीदाराच्या खिशात परत. डोंगरही त्याचा, गावही त्याचं. घेणाऱ्याच्या बाजारात ह्याहून यशस्वी खरेदी माझ्या तरी माहितीत नाही.

आणि इथेच मला हा सौदा टोचतो.

एक तर त्या कागदावर दोनच पक्ष आहेत. राजे आणि कंपनी. पण डोंगर काही रिकामा नव्हता. तिथे कोळी होते, धनगर होते, कुळवाडी होते. तिथे धावड होते, जे डोंगरातल्या दगडातून लोखंड गाळायचे. कोळशासाठी त्यांना जंगल लागायचं. जंगलाची मालकी बदलली, पुढे जंगलाचे नियम कडक झाले आणि एकोणिसाव्या शतकातच त्यांच्या भट्ट्या विझल्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. लुइझियानाच्या जमिनीवर राहणाऱ्या मूळ रहिवाशांनाही कुणी विचारलं नव्हतं. सौदा दोघांचा, जागा तिसऱ्याच्या पायाखालची.

आमच्या आळीत एक निवृत्त तलाठी राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सुट्टीला गेलो की त्यांच्याकडे चक्कर होतेच. जमिनीचा विषय निघाला की त्यांचं वाक्य ठरलेलं: "अरे, सातबाऱ्यावरचं मालकाचं नाव सगळेच वाचतात. 'इतर हक्क' वाचतो तो झोपतो शांत." इतर हक्काच्या रकान्यात काय असतं? कुळाचं नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, 'कलम ४३ ला पात्र' असा शेरा. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन झाल्यावर वाई भागातल्या कितीतरी जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या आणि अशा जमिनी विकायला आजही अटी आहेत. मालक सही करायला तयार आहे म्हणजे जागा मोकळी आहे, असं नसतं. १८२९ च्या तहाला इतर हक्काचा रकानाच नव्हता. आपल्या सातबाऱ्याला तो आहे, ही दीडशे-दोनशे वर्षांच्या भांडणांतून आलेली कमाई आहे. ती न वाचणं म्हणजे मूर्खपणा.

दुसरी गोष्ट प्रतापसिंहांची. १८२९ मध्ये सही करणारा हा माणूस 'नाही' म्हणूच शकत नव्हता असं वाटतं ना? पण १८३९ मध्ये काय झालं बघा. त्यांच्यावर पोर्तुगीज गोव्याशी आणि इतरांशी गुप्त संधान बांधल्याचा, कंपनीच्या शिपायांना फितवल्याचा आरोप ठेवला गेला. गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यात आला. त्यानं सांगितलं, आरोप मान्य असल्याच्या कागदावर सही करा, गादी राहील. सगळा बाजार घेणाऱ्याचा, दुसरा पर्याय शून्य. राजांनी सही केली नाही. आपण निर्दोष आहोत हे त्यांचं म्हणणं त्यांनी सोडलं नाही आणि गादी सोडली. त्यांच्या वतीनं रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे दाद मागत राहिले. हाती काही लागलं नाही.

एका डोंगराच्या बदल्यात एक गाव, हा व्यवहार त्यांनी केला. स्वतःच्या नावाच्या बदल्यात राज्य, हा केला नाही. नडलेल्या माणसाकडेसुद्धा विकायला नसलेली एखादी गोष्ट असते, हे भाव पाडून मागताना आपण विसरतो. गावाकडे हे फार दिसतं. एखादा मुलीच्या लग्नासाठी माळावरची दोन एकर निम्म्या भावात देईल, पण घराजवळचं वीस गुंठ्यांचं खाचर कितीही भाव आला तरी देणार नाही. शहरातला माणूस म्हणतो, "वेडा आहे." तो वेडा नसतो. त्याचा हिशोब आपल्या एक्सेलमध्ये बसत नाही, एवढंच.

तर ह्या सगळ्यातून घर-जमीन घेणाऱ्यानं काय घ्यायचं? मी माझ्यापुरतं हे काढलंय.

एक, भाव का पडलाय ते आधी शोधा. मालक नडलाय म्हणून पडला असेल तर वाटाघाटीला जागा आहे. जागेतच खोट आहे म्हणून पडला असेल तर फुकटसुद्धा महाग. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर 'स्वस्तात प्लॉट' च्या पाट्या दिसतात. २००१ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकामाला काय परवानगी मिळते हे इसार द्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

दोन, मालकमसारखं आधी राहून बघा. त्यानं बघितला तो उन्हाळा. तुम्ही पावसाळाही बघा. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मे महिन्यात स्वर्ग वाटणाऱ्या जागेत जुलैमध्ये भिंतीला शेवाळ येतं. वाईतही नदीकाठची जागा घ्यायची तर पूररेषा कुठे आहे ते नकाशावर बघा. कृष्णेला विचारून घ्या असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची.

तीन, कितीही वरचढ असलात तरी खरी किंमत द्या आणि पूर्ण कागद करा. साठेखत, खरेदीखत, फेरफार, सगळं. समोरच्याला पिळून घेतलेला सौदा कोर्टात जातो. समोरच्याला बरा वाटलेला सौदा सहसा जात नाही. पाच टक्के जास्त देऊन वीस वर्षांचा दावा टळत असेल तर तो स्वस्त.

चार, कागदावर नाव नसलेला माणूस शोधा. कसणारा, वाट वापरणारा, सही न केलेली बहीण. वारसाहक्कातली बहीण तर विशेष. "ताईंची काही हरकत नाही" ह्या तोंडी वाक्यावर पुणे-सातारा पट्ट्यात किती दावे उभे असतील देव जाणे.

हे सगळं वाचून ऑफिसातले मित्र म्हणतील, एवढं बघत बसलो तर बाजार पलटून जाईल. जाऊ दे. घेणाऱ्याचा बाजार पुन्हा येतो, दर दहा-पंधरा वर्षांनी येतोच. कुणाच्या तरी अडचणीवर उभी राहिलेली भिंत मात्र एकदा आपली झाली की आपल्यालाच रोज बघायची असते.

असो. शनिवार संपत आला. पुढच्या वेळी साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या अलीकडे खंडाळ्याची पाटी दिसली तर गाडी जरा हळू करा. ह्या गावाच्या बदल्यात एकेकाळी महाबळेश्वर मिळालं होतं.